मदत हवी आहे: जावात लॅम्डा लिहिण्याचे नियम टीममध्ये कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी,

आमची टीम बिलिंगच्या एका सिस्टिमवर काम करते. सध्या जावा १७ वर आहोत, पण कोड बराच जुना. स्टाइल गाइड सन कंपनीच्या १९९९ च्या नियमांवरून उचललेली, आणि लॅम्डा (नाव न देता जागच्या जागी लिहिलेलं छोटं फंक्शन) जावात आले २०१४ मध्ये, आवृत्ती ८ बरोबर. त्यामुळे गाइडमध्ये त्याबद्दल अक्षर नाही आणि ज्याला जे सुचेल ते चाललंय.

कोणी 'बिल -> ...' लिहितं, कोणी '(बिल) -> ...'. तिसरा मेथड रेफरन्स (तयार मेथडचं नुसतं नाव) टाकतो. एका ओळीत भागतं तिथेही कोणी महिरपी कंस घालून रिटर्न लिहितं. हे सगळं एकाच फाइलमध्ये! रिव्ह्यूतल्या निम्म्या कॉमेंट्स यावरच खर्ची पडतात.

कंसांचं एकवेळ सोडा. परवा रिव्ह्यूला एक फिल्टर (यादीतून हवं तेवढं निवडणारा लॅम्डा) आला: आत दोन इफ, एक ट्राय-कॅच (आतली मेथड चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे हाताळावीच लागणारी चूक, फेकते म्हणून), आणि त्याच्या पोटात आणखी एक स्ट्रीम. बाहेरचा पॅरामीटर एक्स, आतला वाय. प्रॉडक्शनमध्ये हे फुटलं की स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठल्या मेथडमधून आली त्या यादीत) दिसणार 'लॅम्डा$प्रोसेस$३'. नावावरून काय कळणार, कप्पाळ? लिहिणाऱ्याचं म्हणणं, 'हे फंक्शनल आहे, लूपपेक्षा बरं.'

तर लांबीला मर्यादा घालावी का, किती, आणि रोज वाद न घालता ती पाळायची कशी? तुमच्याकडे काय करता?

कोडकरी: कंस नेहमी द्या आणि विषय संपवा. जावास्क्रिप्टवाल्यांनी हा काथ्याकूट आधीच करून झालाय. प्रेटियर या कोड फॉरमॅट करणाऱ्या टूलने २०२० मध्ये २.० आवृत्तीत डिफॉल्ट बदलून एका पॅरामीटरलाही कंस सक्तीचे केले. जावातही टाइप लिहायचा झाला किंवा दुसरा पॅरामीटर आला की कंस लागतातच, मग आधीपासून असलेले काय वाईट? फक्त चेकस्टाइल या नियम तपासणाऱ्या टूलमध्ये अनावश्यक कंसांचा नियम चालू आहे का ते बघा, तो लॅम्डावरही ओरडू शकतो.

सेमीकोलन: कंसांबद्दल मला काही म्हणायचं नाही, कुठलंही एक धरा. लांबीचं मात्र मनावर घ्या. चेकस्टाइलमध्ये लॅम्डाच्या बॉडीची लांबी तपासणारा नियम आहे, डिफॉल्ट १० ओळी. माझ्या मते १० फार झाल्या, ५ वर आणा. त्याहून मोठं असेल तर प्रायव्हेट मेथड काढा, तिला धड नाव द्या आणि मेथड रेफरन्स वापरा. 'थकीतआहेका' असं नाव ट्रेसमध्ये दिसलं की रात्री दोन वाजता उठलेला माणूस दुवा देतो. ट्राय-कॅचही त्या मेथडमध्येच जाऊ दे. आणि साधा फॉर लूप लिहिणं हा गुन्हा नाही हेही गाइडमध्ये लिहून टाका.

मेथड रेफरन्सची मात्र सक्ती नको. क्लासचं नाव हातभर लांब असेल तर लॅम्डाच सुटसुटीत दिसतो. ओळ कुठे तोडायची यासाठी गूगलच्या जावा गाइडचा नियम घ्या: बाणाच्या आधी तोडायचं नाही, बाणानंतर तोडायचं तर बॉडी महिरपी कंसाविना एकच एक्सप्रेशन असेल तरच.

जुनाखोड: नियम ठरवाल, पण सगळा जुना कोड एका दमात फॉरमॅट करणार असाल तर जपून. गिटच्या ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटची कोणी बदलली ते तिथे दिसतं) प्रत्येक ओळीवर तुमचंच नाव दिसेल. ती कमिट वेगळी ठेवा, गिट २.२३ पासून अशा कमिट्स ब्लेममधून वगळता येतात, त्यांची यादी एका फाइलमध्ये द्यायची. नाहीतर स्पॉटलेस या फॉरमॅटिंग टूलचं रॅचेट लावा, म्हणजे मेन ब्रँचच्या तुलनेत बदललेल्या फाइल्सच तपासल्या जातात. आम्ही दुसरा मार्ग घेतला. हळू आहे, पण भांडणं नाहीत.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. सोमवारच्या मीटिंगमध्ये कंस नेहमी, ५ ओळींची मर्यादा आणि रॅचेट एवढंच मांडतो. एक राहिलं: मॅपच्या कंप्यूट मेथडमध्ये 'की' (key) वापरायचीच नसते, तेव्हा त्या पॅरामीटरला काय नाव द्यावं? अंडरस्कोर दिला तर कंपायलर नाही म्हणतो.

सेमीकोलन: १७ वर नाहीच म्हणणार. जावा ९ पासून एकटा अंडरस्कोर राखीव शब्द आहे. न वापरलेल्या पॅरामीटरसाठी तो अधिकृतपणे खुला झाला २२ मध्ये. तोवर 'इग्नोर्ड' लिहा, आणि तेही गाइडमध्ये टाका, नाहीतर पुढचा वाद त्यावरून.