अनुभव धागा : खटक्याचा कंगवा

बटण दाबलं की 'खट्' करून मुठीतून बाहेर येणारा कंगवा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. बंद असताना तो थेट घडीचा चाकूच वाटतो. तीच लांबट मूठ, दोन्ही टोकांना चकचकीत धातूच्या टोप्या, अंगावर बटण. उघडला की पात्याच्या जागी दाते. हा धागा त्या कंगव्याबद्दल. ज्यांनी तो वापरला, भेट दिला, दुरुस्त केला, ज्यांच्याकडून तो काढून घेतला गेला आणि ज्यांना तो बघून भीती वाटली, त्या सगळ्यांनी लिहा. दोन ओळींचा अनुभवही चालेल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण या कंगव्याचं रूप उगाच तसं नाही. ते आलं बटण दाबून उघडणाऱ्या इटालियन स्टिलेटो, म्हणजे अरुंद, टोकदार पात्याच्या चाकूवरून. उत्तर इटलीतलं मानियागो हे चाकू बनवणाऱ्यांचं जुनं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक असले चाकू घरी घेऊन गेले, मग तिथे त्यांची आयात वाढली आणि पाठोपाठ ओरडही सुरू झाली. १९५० मध्ये तिथल्या एका महिला मासिकात या चाकूला जीव घेणारं खेळणं ठरवणारा लेख आला. न्यूयॉर्क राज्याने १९५४ मध्ये बंदी आणली आणि १९५८ मध्ये राज्याराज्यांतल्या व्यापारावर केंद्रीय कायद्याने बंदी आली. ब्रिटनचा कायदा १९५९ चा. त्याच दशकात तिथल्या तरुण पोरांच्या मागच्या खिशात कंगवाही असायचा. पोमेड, म्हणजे केस बसवायचं मलम, लावून कपाळावर उंच उचललेला तुरा दिवसभर सावरावा लागे, त्याशिवाय इलाज नव्हता. एकाच पोराच्या खिशातल्या या दोन वस्तू खटक्याच्या कंगव्यात एक झाल्या. या कायद्यांची व्याख्या आपोआप उघडणाऱ्या पात्याभोवती आहे. कंगव्याला पातं नाही, धार नाही. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांना ते कळायला जो क्षण लागतो, त्या क्षणात काय काय होतं, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

*

मी सलूनमध्ये काम करते. एका मैत्रिणीने वाढदिवसाला हा कंगवा दिला आणि तो मला फार आवडतो, पण गिऱ्हाइकाच्या डोक्याला मी तो कधीच लावणार नाही. कारण सरळ आहे. आमच्याकडे प्रत्येक कंगवा आधी केस काढून, साबणाने धुऊन, मग जंतुनाशक द्रावणात पूर्ण बुडवून ठेवायचा असतो. हा बुडवायचा कसा? मुठीच्या खाचेत पाणी गेलं की स्प्रिंगला गंज चढतो, आणि नाही बुडवला तर खाचेत तेल, कोंडा, तुटके केस साचत राहतात. कंगवा दर वेळी मिटताना त्याच घाणीत शिरतो. एकदा उघडून आत बॅटरीचा उजेड टाकून बघा म्हणजे पटेल. उवांच्या बाबतीत तर आणखी काळजी. साधा कंगवा ५५ अंशांच्या गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवला की उवा आणि लिखा दोन्ही मरतात. याला तसं करता येत नाही, म्हणून तो एकाच माणसाने वापरावा.

दुसरं, दाते बघून घ्या. यातले बरेच कंगवे पत्र्यातून ठोकून कापलेले असतात आणि दात्यांच्या कडा घासलेल्या नसतात. नखाच्या मागच्या बाजूवर दाते हलके ओढून बघा. पांढरा ओरखडा उठला तर तो डोक्याच्या कातडीवरही उठणार. प्लॅस्टिकच्या कंगव्यात साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्रत्येक दात्यावर बारीक उभी रेघ राहते, तीही केसाचं वरचं आवरण खरवडते. चांगले कंगवे दाते करवतीने कापून मग घासून गुळगुळीत केलेले असतात; खटक्याच्या कंगव्यात तसे मी अजून पाहिले नाहीत. कुरळ्या केसांना तर यातले बारीक दाते नकोतच. ओल्या केसांनाही नको, ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो. धातूच्या कंगव्याचा एक फायदा मात्र मान्य करते : कोरड्या हवेत प्लॅस्टिकने केस उभे राहतात, धातूने नाही.

*

दाढीसाठी वापरतो. लांबी पुरते, दाते बारीक आहेत, मिशीला अगदी बरोबर. उघडताना तोंडापासून लांब धरा एवढंच सांगेन.

*

माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. बाबा आयुष्यभर नीटनेटके राहिले, भांग पाडल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. साध्या कंगव्याला खरं तर एक हात पुरतो, पण त्यांचा कंगवा खिशात पाकिटात असायचा आणि ते पाकीट एका हाताने निघत नसे. प्रत्येक वेळी आईला हाक मारावी लागे, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. माझ्या भाच्याने त्याच्याजवळचा खटक्याचा कंगवा आजोबांच्या हातात दिला. डाव्या अंगठ्याने बटण दाबलं, कंगवा बाहेर. बाबा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

मग अडचण कळली. उघडायला एक हात पुरतो, मिटायला दोन लागतात. बटण दाबून धरायचं, कंगवा वळवून खाचेत बसवायचा, आणि मग बटण सोडायचं. बाबा तो मांडीवर पालथा दाबून मिटायला शिकले, पण दाते पायजम्यात अडकायचे. शेवटी आम्हाला दुसरा प्रकार मिळाला, ज्यात कंगवा बाजूने वळून न येता मुठीच्या टोकातून सरळ पुढे सरकतो. बटण पुढे ढकललं की बाहेर, मागे ओढलं की आत. दोन्ही कामं एका अंगठ्याने. खटका थोडा कडक होता, अशक्त हाताला जोर पडतो, पण थेरपिस्टने बघितलं आणि अंगठ्याला तेवढा व्यायाम चालेल असं सांगितलं. कुणाच्या घरी एका हाताने सगळं करणारं माणूस असेल तर हा सरकता प्रकार जरूर बघा.

*

विमानतळावर माझा गेला. क्ष-किरणांच्या यंत्रात मुठीच्या टोप्या, स्प्रिंग, खिळा असं सगळं चाकूसारखंच दिसतं, त्यामुळे बॅग बाजूला काढली गेली. अधिकाऱ्याने मला उघडू दिला नाही, स्वतः उघडला, हसलाही, आणि तरी ठेवून घेतला. नियम असा की शस्त्राची नक्कलही केबिनमध्ये नेता येत नाही. मला ते योग्यच वाटतं. शंभर माणसांच्या बंद डब्यात कुणी हे 'खट्' करून उघडलं तर मागच्या रांगेतल्याला दाते दिसणार नाहीत. न्यायचाच असेल तर चेक-इनला द्यायच्या बॅगेत, तेही आधी विचारून.

*

मला हा धागा वाचून लिहावंसं वाटलं, जरा जड आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्यावर चाकू रोखून पर्स हिसकावली होती. जखम झाली नाही. नंतर एका घरगुती जेवणाच्या वेळी नवऱ्याच्या मित्राने गंमत म्हणून माझ्या शेजारी बसून हा कंगवा उघडला. मी आवाज आधी ऐकला. कंगवा बघितला तोवर मी खुर्चीवरून उठून भिंतीला टेकलेली होते आणि हातापायात कापरं भरलं होतं. तो बिचारा पुन्हा पुन्हा दाते दाखवत होता, 'वहिनी, कंगवा आहे, कंगवा'. मला दिसत होतं की कंगवा आहे. शरीर ऐकत नव्हतं.

मी त्याच्यावर रागावले नाही, आजही नाही. पण ज्यांना ही वस्तू आवडते त्यांना हात जोडून सांगते : समोरच्याला आधी दाखवा, मग उघडा. मिटलेला कंगवा तळहातावर ठेवून 'हा कंगवा आहे, बटण दाबतो' एवढं बोलायला काही जात नाही, आणि गंमतही कमी होत नाही. त्या मित्राने पुढे माझ्यासमोर एकदा तसं करून दाखवलं. मी स्वतः बटण दाबलं.

*

वरच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार, ताई. आम्ही हौशी नाटकवाले. एका प्रवेशात गुंड खिशातून चाकू काढतो आणि केस विंचरतो, असा प्रसंग होता. प्रेक्षक हसावेत ही अपेक्षा. तालमीत लक्षात आलं की पुढच्या रांगेला दाते लगेच दिसतात, मागच्यांना फक्त चमक दिसते आणि आवाज ऐकू येतो. म्हणून नटाने कंगवा उघडल्यावर हात न हलवता तो उजेडात आडवा धरायचा, दाते प्रेक्षकांकडे, आणि मगच केसांकडे न्यायचा, असं बसवलं. चमक कमी व्हावी म्हणून मुठीच्या टोप्यांवर काळी चिकटपट्टी लावली. शिवाय सहकलाकाराच्या चेहऱ्यापासून दोन हात अंतर. दात्यांना धार नसली तरी वेगाने फिरणारं धातूचं टोक डोळ्याला इजा करू शकतं.

*

मुलाच्या शाळेत जप्त झाला. मुख्याध्यापिकांनी शांतपणे समजावलं, परत दिला. मुलालाही पटलं. आता घरीच असतो.

*

मी घड्याळं आणि बारीकसारीक यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे असे कंगवे माझ्याकडे येतात. आत काय असतं ते सांगतो, कारण उघडून बघितल्याशिवाय या वस्तूची खरी मजा कळत नाही.

बाजूने उघडणाऱ्या प्रकारात कंगव्याच्या बुडाशी एक आस असते आणि आसेभोवती तारेची गुंडाळी. गुंडाळीचं एक टोक मुठीत अडकवलेलं, दुसरं कंगव्याला. कंगवा मिटला की स्प्रिंग पिळली जाते, म्हणजे मिटलेल्या अवस्थेत ती कायम ताणाखाली असते. बटणाच्या खालची खुंटी कंगव्याच्या बुडातल्या भोकात बसलेली असते आणि ती एकटी तो सगळा ताण पेलत असते. बटण दाबलं की खुंटी भोकातून निघते, कंगवा अर्धवर्तुळ फिरतो, आणि खुंटी दुसऱ्या भोकात जाऊन बसते. 'खट्' हा आवाज त्या शेवटच्या धडकेचा. तो आवाज बदलून बोदा झाला की समजावं, खुंटी पूर्ण बसत नाहीये. मग विंचरताना कंगवा मागे ढिला पडतो.

बिघडतं काय? सगळ्यात आधी स्प्रिंग. तार बहुतेक जिथे वाकवून अडकवलेली असते तिथेच तुटते. त्याखालोखाल खुंटीचं भोक झिजून लांबट होतं. असा कंगवा खिशात आपोआप उघडू लागतो, तो वापरू नये. स्प्रिंग बदलता येते, पण मूठ रिव्हेटने जोडलेली असेल तर रिव्हेट कापावे लागतात आणि नवे ठोकताना प्लॅस्टिकला तडा जातो. स्क्रूची मूठ मिळाली तर तीच घ्या. उघडताना मूठ कापडाच्या पिशवीत धरून उघडा आणि डोळ्यांवर चष्मा हवा, स्प्रिंग उडते. आणि घ्यायच्या वेळी बटणाशेजारी सरकता अटकाव आहे ना, हे बघाच. खिशात ठेवायच्या वस्तूला तो नसेल तर मी ती घ्यायला सांगणार नाही.

*

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. 'साफ कसा करायचा' हे दोघांनी विचारलं आहे. पाण्यात बुडवू नका. कंगवा उघडा ठेवून दाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. खाचेतला मळ मऊ टूथब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा, आत ढकलू नका. आसेवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, जास्तीचं फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ते केसांत येतं. बरेच महिने वापरणार नसाल तर उघडा ठेवा, म्हणजे स्प्रिंगवर ताण कमी राहतो. सलूनवाल्या ताईंनी सांगितलेली नखावरची परीक्षा मी माझ्याकडच्या कंगव्यांवर केली. दोन पास झाले, बाकीच्यांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासायला घेतल्या आहेत. प्रत्येक दात्याच्या दोन्ही बाजू आणि टोक घासायचं, मग ओल्या फडक्याने भुकटी पुसायची. कुणी प्लॅस्टिकच्या दात्यांवरची साच्याची रेघ अशीच काढली असेल तर कोणत्या नंबरचा कागद वापरला ते लिहा.