कॉलेजचा बास्केटबॉलपटू एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) टिकेल, हे कशावरून ओळखायचं?

प्रश्न: मार्चमध्ये पहाटे उठून कॉलेजचे सामने बघते. ड्राफ्टआधी, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी, पोरांना पारखताना तुम्ही नेमकं काय बघता? नुसत्या सरासरी गुणांवर माझा विश्वास उरलेला नाही.

उत्तर: आधी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा बिनविरोध फेक. कॉलेजची तीन गुणांची रेषा एनबीएपेक्षा जवळ असते, फ्री थ्रोची मात्र दोन्हीकडे १५ फुटांवरच. तिथं हात बसलेला असेल तर लांबचा नेमही सुधारू शकतो. शिवाय वय बघा.

दुसरं उत्तर: मी पाय बघतो. विलानोव्हा कॉलेजचा जेलन ब्रन्सन आठवा. कॉलेजची दोन विजेतेपदं, तरी २०१८च्या ड्राफ्टमध्ये निवड झाली ती ३३व्या क्रमांकावर! बचावपटूला पाठीवर घेऊन तो असा हुलकावणी देतो, की समोरचा आधीच हवेत.

प्रश्नकर्ती: अगदी! त्याचे जुने सामने आज परत लावते, चेंडू सोडून फक्त पायांकडे बघायला.