ई-केवायसी झाली, तरी पीएम किसानचा हप्ता का अडतो

भोरहून आलेल्या प्रश्नाबद्दल : ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) झाली, पासबुकावर आधार नोंदलेलं आहे, तरी पीएम किसानचे २००० रुपये आले नाहीत.

बँकेत आधार 'लिंक' असणं (म्हणजे खात्यावर आधार क्रमांक नोंदलेला असणं) आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, 'सीडिंग' असणं (म्हणजे त्या आधारचे पैसे याच खात्यात जमा करायचे अशी नोंद असणं) यात फरक आहे, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारवर पाठवले जातात. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत एका आधारला एकच खातं जोडलेलं असतं, ते म्हणजे शेवटचं सीड झालेलं. मोबाइलच्या दुकानात कधीतरी पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल, तर हप्ता बहुतेक तिकडे पडून असतो. म्हणून आधी यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँक दुसरी दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. नुसती केवायसीची झेरॉक्स देऊन हे काम होत नाही.

सीडिंग बरोबर असेल तर पीएम किसानच्या पोर्टलवर 'लँड सीडिंग', म्हणजे तुमच्या नावाला जमिनीची नोंद जोडलेली आहे का, ते बघा. तिथे 'नो' असल्यास बँकेत खेटे घालू नका. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुक्याला जा. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेली असेल तर लाभ नाही. वारसाहक्काने आलेली मात्र चालते, फेरफार जोडा.

राज्याच्या नमो शेतकरी योजनेची यादी पीएम किसानवरूनच घेतात, त्यामुळे इथे अडलं की तिथलेही २००० अडतात.