मदत हवी आहे: जुना नॅस दर वेळी नवीन आयपी घेतोय

नमस्कार मंडळी. वडशाजवळच्या आमच्या गावात झाडीपट्टीच्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज एका जुन्या, दोन डिस्कच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) ठेवली आहेत. मूळ फर्मवेअर काढून डेबियन लिनक्स टाकलंय, छान चालत होतं. परवा वादळात लाइन सारखी जात-येत होती, तेव्हापासून हा नेटवर्कवर सापडेना.

केबल, स्विच बदलून पाहिलं. मग बूट होतानाचे मेसेज बघायला ३.३ व्होल्टचा सिरीयल अडॅप्टर जोडला (५ व्होल्टचा चुकूनही लावू नका, बोर्ड जाईल). चालू होताच यू-बूट (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) 'बॅड सीआरसी, युजिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट' म्हणतं, म्हणजे फ्लॅशमध्ये सेव्ह केलेल्या त्याच्या सेटिंग्ज खराब झाल्यात आणि तो डिफॉल्ट वापरतोय. त्या डिफॉल्टमध्ये मॅक अॅड्रेसच (नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक) नाही, म्हणून लिनक्सचा कर्नल दर बूटला रँडम मॅक घेतो आणि राउटर त्याला राखून ठेवलेला आयपी देत नाही. कर्नल फ्लॅशमध्ये असल्याने बूट मात्र होतंय. डिस्क ठणठणीत आहेत.

नॅसच्या खालच्या स्टिकरवरचा मॅक यू-बूटच्या 'ईथअॅड्र' सेटिंगमध्ये टाकून 'सेव्हएन्व्ह' (सेटिंग्ज फ्लॅशमध्ये सेव्ह करायची कमांड) करावं का? फ्लॅशचा तोच ब्लॉक खराब असेल तर? की डेबियनच्या इंटरफेसेस फाइलमध्ये 'एचडब्ल्यूअॅड्रेस' ओळीत तो मॅक लिहिणं पुरेसं आहे? कुणी हे केलं असेल तर आधी कोणत्या पार्टिशनचा बॅकअप घेतला, तेही सांगा. यातल्या बऱ्याच रेकॉर्डिंगची दुसरी प्रत नाही.