ढकलगाडीवाल्या विल्यम्सला ग्रीक कशाला लागायचं?

पुस्तककिडा: मंडळी एक शंका. अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स म्हटलं की मला त्याच्या कवितांतली पावसात भिजलेली लाल ढकलगाडी, पांढऱ्या कोंबड्या आणि फ्रीजमधले प्लम एवढंच आठवतं. न्यू जर्सीत रदरफर्डला डॉक्टरकी करणारा माणूस, कवी टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' ह्या कवितेवर भडकलेला, का तर त्याने कविता परत प्राध्यापकांच्या ताब्यात दिली. आणि ह्याच माणसाच्या १९२० च्या पुस्तकाचं नाव 'कोरा इन हेल', कोरा म्हणजे पर्सेफनी, ग्रीक पुराणातली पाताळाची राणी, वर म्हातारपणी थिओक्रिटस नि सॅफो ह्या प्राचीन ग्रीक कवींची भाषांतरं! हे काय गौडबंगाल?

उन्हाळी: फ्रीज नाय हो, आइसबॉक्स :) बाकी त्याची इकारसवरची (मेणाचे पंख लावून बापाबरोबर उडालेला नि समुद्रात पडलेला ग्रीक पुराणातला पोरगा) छोटी कविता वाचा, 'पिक्चर्स फ्रॉम ब्रूगल' १९६२ मधली. रोमन कवी ओव्हिडकडे नांगरणारा, मेंढपाळ, गळ टाकून बसलेला असे सगळे वर बघून थक्क होतात, उडणाऱ्या बापलेकांना देवच समजतात. चित्रकार ब्रूगलच्या चित्रात पाण्यात पडलेल्या इकारसच्या पायांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि विल्यम्स तेच उचलतो, पण भारी काय माहितीये, ज्या उन्हात तो अख्खा वसंत घामाघूम झालाय त्याच उन्हाने पंखांचं मेण वितळतं. एकच ऊन! पुराणकथा वेगळी काढून ठेवलेलीच नाही त्याने.

पुस्तककिडा: हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एलियटही चहाचे कप, टायपिस्ट पोरगी हे सगळं आणतोच की.

जुनीवही: आणतो, पण एलियटला तळटीपा लागतात. विल्यम्सची 'अ‍ॅस्फोडेल' (१९५५, पूर्ण नावात पुढे 'दॅट ग्रीनी फ्लॉवर', म्हणजे ते हिरवट फूल) बघा. पक्षाघाताचे झटके येऊन गेलेले, आणि बायकोची, फ्लॉसची, माफी मागतोय, दुसऱ्या बायकांच्या भानगडींबद्दल. अ‍ॅस्फोडेल म्हणजे होमरच्या 'ओडिसी'त मेलेला योद्धा अकिलीस ज्या कुरणातून चालत जातो तिथलं फूल. पण ह्याला ते सापडतं कुठे, तर लहानपणी पुस्तकात दाबून वाळवलेल्या फुलांत. होमर तिथे बसलाय बघा, वाळक्या पाकळीत. 'कोरा' मात्र माझ्याने दोनदा अर्धवट सुटलं, खोटं कशाला बोलू.

पुस्तककिडा: आत्ता अ‍ॅस्फोडेल गूगल केलं, फोटोत तर पांढरं दिसतंय, हा त्याला हिरवं का म्हणतो?