मदत हवी आहे: बहिणीच्या फोनवर पाळत आहे, आधी काय बंद करायचं?

नमस्कार. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून धाकटी बहीण लेकीला घेऊन माझ्याकडे आली, त्याला महिना होत आला. नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया विचारू नका.

परवा ती दवाखान्यात रांगेत बसलेली असताना त्याचा मेसेज आला, "डॉक्टरकडे एकटीच?" जाणार हे माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून तिला फोनची धास्तीच बसलीय. रात्री टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवते.

काल आम्ही दोघींनी तो तपासला. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये विंडोजवरचं क्रोम दिसलं, शेवटचा वापर रात्री पावणेतीनचा. तिच्याकडे कॉम्प्युटरच नाही. गूगल खात्याला रिकव्हरी नंबर त्याचा, म्हणजे पासवर्ड बदलला तरी तो खातं परत मिळवू शकतो. ॲक्सेसिबिलिटीच्या (स्क्रीनवरचं वाचायची परवानगी मिळालेल्या ॲप्सच्या) यादीत एक अनोळखी ॲप चालू आहे. फोन त्यानंच घेऊन दिला होता, सेटअपही त्यानंच केला होता. आम्ही काहीच बंद केलेलं नाही. स्क्रीनशॉटही घेतले नाहीत, ते आपोआप बॅकअपला जाऊन त्याला दिसले असते. माझ्या फोननं तिच्या स्क्रीनचे फोटो तेवढे काढून ठेवलेत.

भाऊ म्हणतो, सरळ फॅक्टरी रिसेट कर. मला ते धोक्याचं वाटतं. पुरावा जाईल, खातं तर त्याच्या हातात राहीलच, आणि सगळं एकदम बंद पडलं की त्याला त्या क्षणी कळेल. चिडला की तो काय करतो ते आम्ही पाहिलंय.

म्हणून मी असं ठरवलंय: तिला दुसरा फोन आणि नवं सिम, त्यावर कोरं ईमेल खातं, जुना बॅकअप अजिबात घ्यायचा नाही. मग बँकेचा नंबर आणि ईमेल बदलायचे. जुन्या खात्यातला त्याचा नंबर आणि ते क्रोम सगळ्यात शेवटी काढायचं. हा क्रम बरोबर आहे का? कोणी प्रत्यक्ष यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

भाचीच्या टॅबचंही कोडं आहे. त्याचं पालक-खातं बापाचंच, त्यामुळे टॅब कुठे आहे हे त्याला दिसत असणार. तो सध्या बंद करून ठेवलाय, पण पोरगी रोज मागते. बॅगेत ट्रॅकर असेल म्हणून माझ्या अँड्रॉइडवरून अनोळखी ट्रॅकरचं स्कॅन केलं, काही सापडलं नाही. पण सिमवर चालणारा जीपीएस ट्रॅकर त्यात दिसत नाही ना? तो शोधायचा कसा? बॅगेचं अस्तर उसवून पाहू का?

उद्या दुपारी वकिलांकडे जायचंय. तिचा फोन घरीच ठेवणार आहोत. पण चार तास एकाच जागी राहिला आणि मेसेजला उत्तर गेलं नाही, तर त्याला संशय येईल का? की मी तो घेऊन नेहमीसारखी बाजारात जाऊन येऊ? हे आज रात्रीपर्यंत कळलं तर फार बरं होईल.