१९६० च्या दस्तातील एस्कुदो या पोर्तुगीज चलनाचे रुपये कसे काढायचे?

प्रश्न (म्हापसा): पोर्तुगीजमधल्या विक्रीखतात किंमत ४५००$०० लिहिली आहे. हे डॉलर का? आणि १९५४ च्या पावतीवर १२० रुपिया, ८ तांगा, ३० रेइस आहेत. त्या वेळचे भारतीय रुपये किती होतील?

उत्तर १: डॉलर नव्हे. ते चिन्ह एस्कुदो आणि सेंताव्हो (एस्कुदोचा शंभरावा भाग) यांच्यामध्ये येतं, दशांश चिन्हाच्या जागी. १९५९ मध्ये गोव्यात रुपिया जाऊन एस्कुदो आला, दर १ रुपियाला ६ एस्कुदो. म्हणून ४५०० भागिले ६, म्हणजे ७५० रुपिया, आणि रुपिया भारतीय रुपयाच्या बरोबरीचा असल्यानं ७५० रुपये. डॉलरमार्गे पडताळा घ्या: त्या काळी डॉलरला २८.७५ एस्कुदो आणि ४.७६ रुपये, भागाकार ६.०४. जुळतं.

उत्तर २: पावतीत दशांश पद्धत नाही, घोटाळा इथंच होतो. १ रुपिया = १६ तांगा, १ तांगा = ६० रेइस. ८ तांगा ३० रेइस म्हणजे ५१० रेइस. भागिले ९६०, ०.५३. रुपिया भारतीय रुपयाच्या बरोबरीचा, म्हणून दशांशात १२०.५३ रुपये. १२०.८३० असं मुळीच लिहू नका.

उत्तर १: आणखी एक, कृपा करून युरोच्या दरानं मोजू नका. १ युरो = २००.४८२ एस्कुदो हा १९९९ चा दर. त्यानं ४५०० चे जेमतेम २२ युरो होतात, मधल्या काळात एस्कुदो फार घसरला होता. शिवाय ६ जून १९६६ ला रुपयाचंही अवमूल्यन झालं, डॉलर ७.५० वर गेला. दस्ताच्या तारखेचाच दर धरा.